गाडीचा पंखा: पट्ट्यावरचा की बॅटरीवरचा?

एप्रिल लागला की मला हमखास एक फोन येतो. कुणीतरी नुकतीच जुनी बोलेरो नाहीतर सुमो घेतलेली असते. गॅरेजवाल्याने सुचवलेलं असतं, "हा व्हिस्कस (म्हणजे रेडिएटरमागचा, पट्ट्यावर फिरणारा पंखा) काढून टाकू, इलेक्ट्रिक फॅन बसवू, गाडी मोकळी पळेल." आणि पलीकडून प्रश्न येतो, "बसवू का?" मी उलट विचारतो, गाडी गरम कधी होते? सिग्नलला, घाटात, की हायवेला ऐंशीच्या स्पीडला? बहुतेकांना ते सांगता येत नाही. मग मी म्हणतो, आठ दिवस तेवढंच बघा आणि परत फोन करा. निम्मे जण परत करतच नाहीत, कारण उत्तर त्यांचं त्यांना सापडलेलं असतं.

हा लेख त्या फोनवरच्या गप्पांचाच आहे, फक्त जरा ओळीने लावलेला. ज्यांनी बॉनेट फक्त वायपरचं पाणी भरायला उघडलंय, त्यांनाही जमेल असा.

पायरी १: इंजिन कुठे तोंड करून बसलंय ते बघा

गाडी थंड असताना, सकाळीच बॉनेट उघडा. समोर जाळीमागे रेडिएटर दिसेल, इंजिनमधून फिरून आलेलं गरम पाणी गार करणारा. आता इंजिनचा पट्टा शोधा, म्हणजे पुल्यांवरून फिरणारा तो काळा रबरी फॅनबेल्ट. पट्ट्याची बाजू रेडिएटरकडे असेल तर इंजिन लांबीत बसवलेलं आहे. पट्टा एका चाकाच्या बाजूला, बॉनेटच्या कडेला दडलेला असेल तर इंजिन आडवं आहे.

तुमच्या पंख्याचा निम्मा निकाल इथेच लागतो. मेकॅनिकल पंखा इंजिनच्या ताकदीवर फिरतो. बहुतेक गाड्यांत तो वॉटर पंपाच्या पुलीवरच बसवलेला असतो आणि पुलीला क्रँककडून, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याकडून, पट्टा फिरवतो. इंजिन लांबीत असेल तर पुली बरोब्बर रेडिएटरच्या मागे येते, तिच्यावर पाती बसवली की झालं. अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीत हेच होतं. सुमो, बोलेरो, स्कॉर्पिओ, क्वालिस, पहिली इनोव्हा, सगळी याच घराण्यातली.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तीच आडवं इंजिन घेऊन. पुलीचं तोंड चाकाकडे आणि रेडिएटर समोर. तिथे पट्ट्याने पंखा फिरवायचा कसा? म्हणून रेडिएटरलाच एक मोटर चिकटवली आणि तिला बॅटरीची वायर दिली. आपल्या पिंपरीतून १९९८ साली बाहेर पडलेल्या इंडिकातही तेच. आज रस्त्यावरच्या जवळजवळ सगळ्या छोट्या गाड्या आडव्या इंजिनाच्या आहेत आणि त्यांत इलेक्ट्रिकच पंखा असतो. त्यांच्या मालकांपुढे निवडीचा प्रश्नच नाही. आहे तो पंखा नीट चालतोय की नाही, एवढंच त्यांनी बघायचं.

काही एसयूव्हींत दोन्ही दिसतील: मागे पट्ट्यावरचा मोठा पंखा आणि पुढे, एसीच्या कंडेन्सरसमोर, एक-दोन छोटे इलेक्ट्रिक पंखे. दचकू नका, ते कंपनीनेच दिलेले असतात.

पायरी २: पंखा नेमका कधी लागतो

गाडी साठ-सत्तरच्या पुढे पळत असताना समोरून येणारा वारा रेडिएटरला पुरतो. तेव्हा कुठलाच पंखा फारसं काम करत नसतो, आणि करत असला तर बहुतेक फुकट. पंखा लागतो तो गाडी उभी असताना किंवा रांगताना: पुण्यात नवले पुलाखाली, हिंजवडीच्या वळणावर संध्याकाळी सहाला, किंवा दिवे घाटात ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये. घाटात तर दुहेरी त्रास, कारण इंजिनवर लोड पूर्ण आणि वारा नावाला.

म्हणून तो सुरुवातीचा प्रश्न. गाडी सिग्नलला तापते आणि चालू लागली की काटा खाली येतो, तर संशय पंख्यावर. गाडी हायवेला तापते आणि थांबल्यावर उलट बरी होते, तर पंख्याला हात लावू नका. रेडिएटर आतून चोंदलेला असेल, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अडकला असेल, कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी असेल, वॉटर पंप गेला असेल, किंवा हेड गॅस्केटचं दुखणं असेल. पंखा बदलून यातलं काहीही बरं होत नाही. पैसे जातात आणि पुढच्या रविवारी गाडी पुन्हा तापते.

आता थोडं अंशांचं गणित, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. इंजिन गरम व्हायला लागलं की ८२ ते ८८ अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट उघडतो आणि कूलंट रेडिएटरकडे जायला लागतं. इलेक्ट्रिक पंखा साधारण ९५ ते १०० अंशांच्या जवळपास लागतो आणि पाच-सात अंश उतरले की बंद होतो. मॉडेलप्रमाणे आकडे मागेपुढे होतात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे आपल्या पातेल्यातलं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. म्हणजे चहाला उकळी फुटते त्याच सुमाराला पंखा लागतो. तरी रेडिएटरमध्ये उकळी येत नाही, कारण कॅप आतला दाब धरून ठेवते. बऱ्याच कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो, तो या दाबाचा. ०.९ च्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं, कूलंट मिसळलेलं त्याहून वर. कॅपचं रबर वातड झालं असेल तर हा सगळा बंदोबस्त कोसळतो. पंख्यावर खर्च करण्याआधी कॅप बदलून बघा.

पायरी ३: पट्ट्यावरचा पंखा ओळखून घ्या

सगळ्यात जुना प्रकार म्हणजे पुलीवर थेट घट्ट बसवलेला पंखा. इंजिन फिरलं की तो फिरणार, थंडीत, पावसात, हायवेला, कायम. यात बिघडण्यासारखं जवळपास काही नाही. पट्टा शाबूत आहे तोवर पंखा शाबूत.

त्याचं दुखणं वेगळं आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा दुप्पट येते, पण ताकद आठपट लागते. समजा, आयडलिंगला ८०० आरपीएमवर पंखा ३० वॉट खातोय. ४००० आरपीएमला वेग पाचपट, म्हणून ताकद १२५ पट, म्हणजे पावणेचार किलोवॉट, पाच हॉर्सपॉवर! आणि हे सगळं अशा वेळी, जेव्हा वारा आपोआप येतोय आणि पंख्याची गरजच नाही. उलट सिग्नलला उभं असताना, खरी गरज असताना, बिचारा आठशेवर हळूहळू फिरतोय. गरज आणि वेग यांची पत्रिका अजिबातच जुळत नाही.

यावरचा तोडगा म्हणजे व्हिस्कस फॅन. पंखा आणि पुली यांच्यामध्ये ॲल्युमिनियमच्या डब्यासारखा एक क्लच बसवलेला असतो, त्यात घट्ट सिलिकॉन तेल असतं. डब्याच्या तोंडावर घड्याळाच्या स्प्रिंगसारखी एक चपटी गुंडाळी दिसेल. ती दोन धातूंची पट्टी आहे. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की ती पिळते, आतला व्हॉल्व्ह उघडतो, तेल चकत्यांच्या खाचांमध्ये शिरतं आणि पंखा पुलीला धरून जोरात फिरायला लागतो. हवा गार झाली की तेल मागे जातं आणि पंखा सैल पडतो. वायर नाही, फ्यूज नाही, सेन्सर नाही. मला हा भाग यंत्रांमधल्या सगळ्यात शहाण्या भागांपैकी एक वाटतो. पूर्ण लागला तरी तो थोडा घसरतोच, त्यामुळे जास्त आरपीएमला तो इंजिनची फार ताकद ओढत नाही.

सकाळी पहिल्या स्टार्टला अशा गाडीतून विमानासारखा घुर्र आवाज येतो आणि मिनिटभरात कमी होतो. रात्रभरात तेल चकत्यांमध्ये उतरून बसलेलं असतं, म्हणून. तो दोष नाही.

दोष कसा असतो ते आम्ही मामाच्या सुमोत बघितलं. एका वर्षी उन्हाळ्याच्या आधी ती गाडी अचानक शांत झाली. सकाळचा घुर्र गेला, घाटात चढताना समोरून येणारा तो पंख्याचा दमदार आवाजही गेला. आम्ही खूश! मामा तर सगळ्यांना सांगत होता, ऑइल चांगलं घातलं की गाडी कशी बोलते बघा. मे महिन्यात साताऱ्याला निघालो, आठ माणसं, वर सामान, एसी चालू, आणि खंबाटकी घाटाच्या तिसऱ्या वळणावर काटा लालला टेकला. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. मामाने पुसायच्या फडक्याने पंख्याचं पातं ढकललं आणि ते भिंगरीसारखं सात-आठ वेळा फिरत राहिलं. क्लचच्या डब्यावर मधून बाहेर पसरलेले काळपट चिकट ओघळ होते. तेल वर्षभर गळत होतं, आणि त्या गळतीचा आवाज म्हणजे ती शांतता होती.

तेव्हापासून मी मेकॅनिकल पंख्याबद्दल एकच सांगतो: तो जाण्याआधी महिनोन्‌महिने निरोप देत असतो, ऐकणारा हवा.

पायरी ४: बॅटरीवरचा पंखा ओळखून घ्या

इथे कारभार सगळा विजेचा. मोटर, फ्यूज, रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), आणि हुकूम देणारा एक जण. जुन्या गाड्यांत हुकूम देतो तो रेडिएटरला लावलेला टेम्परेचर स्विच, नव्या गाड्यांत सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. एसी लावला की इंजिन थंड असलं तरी पंखा लागतो, कारण त्याला कंडेन्सरही, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळीही, गार करायची असते. बऱ्याच गाड्यांत दोन स्पीड असतात, आणि अलीकडच्या काहींत मोटर गरजेप्रमाणे हळूहळू कमी-जास्त होते.

फायदा उघड आहे. गाडी उभी असो, इंजिन ८०० वर फुरफुरत असो, पंख्याला त्याचं काही नाही. बारा व्होल्ट मिळाले की तो पूर्ण जोरात फिरतो. आणि नको तेव्हा बंद. छोट्या गाडीचा पंखा २० अँपिअर ओढतो असं धरलं तर साडेतेरा व्होल्टला २७० वॉट होतात. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, स्वतः बरीच ताकद उष्णतेत घालवतो, म्हणून इंजिनला साधारण ४५० वॉटचा, म्हणजे अर्ध्या हॉर्सपॉवरहून थोडा जास्त भार पडतो, तोही पंखा चालू असेल तेवढाच वेळ. "इलेक्ट्रिक टाकला की ॲव्हरेज वाढतं" या बोलण्यात एवढंच तथ्य आहे. घट्ट बसवलेल्या जुन्या पंख्याच्या तुलनेत फरक पडतो. चांगल्या व्हिस्कसच्या तुलनेत पडणारा फरक पंपावरच्या पावतीत शोधून सापडेल, याची मला खात्री नाही.

आणि तोटा? तो न सांगता जातो. काल होता, आज नाही. फ्यूज उडाला, रिले गेला, कनेक्टर जळाला, मोटरचे कार्बन (आत घासून वीज पोचवणारे तुकडे) झिजले, सेन्सरने चुकीचं सांगितलं, कारण कुठलंही असो, गाडी चालवताना आत बसलेल्याला काही कळत नाही. हायवेला तर तासन्‌तास कळत नाही.

एक चाहूल मात्र तो देतो, आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असते. एसी. गाडी पळताना एसी मस्त, सिग्नलला थांबलं की कोमट हवा, पुन्हा पळाली की मस्त. लोक गॅस भरून घेतात. पण गॅस कमी असेल तर एसी पळतानाही बरा चालत नाही. फक्त थांबल्यावर कोमट होत असेल तर आधी पंख्याकडे बघा.

पायरी ५: घरच्या घरी तपासणी

आधी सुरक्षेचं, कारण हे गमतीचं नाही. पट्ट्यावरच्या पंख्याजवळ इंजिन चालू असताना ओढणी, शर्टाची बाही, गळ्यातली चेन, मोकळे केस काहीही नको. इलेक्ट्रिक पंखा तर त्याहून फसवा: काही गाड्यांत चावी काढल्यावरही गरम इंजिन बघून तो अचानक फिरायला लागतो. बोट घालायचं असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढूनच.

पट्ट्यावरचा पंखा असेल तर: इंजिन बंद आणि थंड असताना पात्याचं टोक धरून पुढे-मागे हलवा. थोडीशी हालचाल चालेल. खडखड लागली तर वॉटर पंपाचं किंवा क्लचचं बेअरिंग गेलंय. क्लचच्या डब्यावर मधून बाहेर जाणारे तेलाचे ओघळ आहेत का बघा. मग गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालवून आणा, चांगली गरम होऊ द्या, इंजिन बंद करा आणि जाड फडक्याने पातं फिरवून सोडा. जड लागलं आणि एखाद्या फेरीत थांबलं तर क्लच ठीक. भिंगरीसारखं फिरत राहिलं तर मामाची सुमो आठवा. पट्ट्यावर मधोमध अंगठ्याने दाबा, साधारण सेंटिमीटरभर दबायला हवा. आतल्या बाजूला भेगा पडल्या असतील तर आजच बदला.

इलेक्ट्रिक असेल तर आधी एसीची परीक्षा. गाडी चालू करा, एसी लावा, बाहेर येऊन कान द्या. काही क्षणांत पंखा लागायला हवा. मग एसी बंद करून गाडी सावलीत आयडलिंगला ठेवा आणि वाट बघा. दहा-पंधरा मिनिटांत पंखा लागला, मिनिटभर चालला, बंद झाला, परत लागला, तर सगळं जागेवर आहे. काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दामच मधे स्थिर ठेवलेला असतो, पाच-दहा अंशांनी तो हलतच नाही, आणि काहींत काटाच नसतो, नुसता लाल दिवा. बीएस-फोर नंतरची गाडी असेल तर ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या तपासणीसाठी दिलेल्या खाचेत) लावायचा ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर घ्या. मोबाइलवर कूलंटचे खरे अंश दिसतात आणि पंखा कितीला लागतो तेही कळतं. तो आकडा लिहून ठेवा.

पंखा लागलाच नाही तर क्रम असा. फ्यूज बघा. मग रिले: फ्यूजबॉक्समध्ये बहुतेक वेळा हॉर्नचा रिले त्याच मापाचा असतो, दोन्ही अदलाबदल करून बघा (झाकणावरचा नकाशा वाचूनच). तरी नाही, तर मोटरचा कनेक्टर काढून तिला बॅटरीतून फ्यूज लावलेल्या वायरने थेट बारा व्होल्ट द्या. फिरली तर मोटर चांगली, दोष वायरिंगमध्ये किंवा सेन्सरमध्ये. नाही फिरली, पण हलकेच टकटक केल्यावर फिरली, तर कार्बन संपलेत. वायरमनकडे न्या, काही मोटरींचे कार्बन बदलता येतात.

आता कागदाची परीक्षा, दोन्ही प्रकारच्या पंख्यांना लागू. पंखा चालू असताना वहीचं एक पान समोरच्या जाळीवर धरा आणि हात काढा. रेडिएटरच्या मागे बसलेला पंखा हवा आत ओढतो, म्हणून पान जाळीला चिकटून राहायला हवं. पान उडून पडलं तर एक तर हवा येतच नाही, किंवा मोटरच्या वायरी उलट्या जोडल्या आहेत आणि पंखा समोरच्या वाऱ्याशी भांडतोय. दुसरा प्रकार दुर्मीळ वाटेल, पण मोटर बदलून आलेल्या गाड्यांत मी तो स्वतः दोनदा पाहिलाय.

इथे "डायरेक्ट" प्रकाराबद्दल बोलायलाच हवं. टेम्परेचर स्विच गेला की काही ठिकाणी पंखा सरळ इग्निशनला जोडून देतात. चावी फिरवली की पंखा चालू, गाडी बंद होईपर्यंत चालू. "आता टेन्शन नाही," म्हणतात. माझ्या छोट्या गाडीचं एका गॅरेजने असंच करून दिलं होतं आणि मला दीड वर्ष पत्ताही नव्हता. एका पावसाळी संध्याकाळी वाकडच्या पुलाखाली जळक्या प्लास्टिकचा वास आला. दुसऱ्या दिवशी वायरमनने डॅशबोर्डखालचं कव्हर काढलं आणि टेस्ट लॅम्पच्या टोकाने एक वायर उचलून दाखवली. टेपरेकॉर्डरला वापरतात तसली बारीक वायर, मधे फ्यूज नाही, रिले नाही, वरचं आवरण तपकिरी होऊन कडक झालेलं आणि कनेक्टरचं प्लास्टिक मेणासारखं ओघळलेलं. वीस अँपिअर त्या वायरीतून दीड वर्ष जात होते. तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. जुनी गाडी घेताना, थंड इंजिनाला, एसी बंद असताना चावी फिरवल्याबरोबर पंखा लागला, तर आधी हीच शंका घ्या. ईसीयूवाल्या गाडीत सेन्सर खराब असला तरी असं होऊ शकतं, तेव्हा दोन्ही तपासून घ्या.

याचाच भाऊ म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणं. तेही करू देऊ नका.

पायरी ६: बदलायचाच असेल तर

बोलेरो, सुमोसारख्या गाडीत व्हिस्कस गेला असेल तर माझं मत साधं आहे: नवा व्हिस्कस बसवा. रेडिएटर, श्राउड (पंख्याभोवतीचं कोंदण), पट्टा, पुली सगळं त्याच्या हिशोबाने बनलेलं आहे, आणि लोड भरून घाट चढताना त्या मोठ्या पंख्याइतकी हवा एका स्वस्त बारा इंची इलेक्ट्रिक पंख्याने येत नाही. नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानात जाताना जुना पीस पिशवीत घालून न्या. मॉडेल, वर्ष, एसी की नॉन-एसी, हे विचारतीलच, पण शेवटी मापं जुन्या पिसावरूनच जुळवली जातात. नवा व्हिस्कस घरी पडून राहणार असेल तर उभाच ठेवा, आडवा ठेवला की आतलं तेल नको तिकडे जातं. आणि काढताना लक्षात असू द्या, काही गाड्यांत त्या मोठ्या नटचे आटे उलटे असतात. उगाच बळ लावून वॉटर पंपाचं नाक मोडू नका. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी वापरलेले व्हिस्कस मिळतात, पण आत तेल किती उरलंय ते बाहेरून कळत नाही. तिथून पाने-स्क्रूड्रायव्हर घ्या, व्हिस्कस नको.

इलेक्ट्रिक बसवायला योग्य जागा कुठली? हौसेने जपलेली जुनी पद्मिनी, जी लग्नाच्या मिरवणुकीत, सिग्नलला, फोटोला उभी राहून तापते. रविवारी सकाळी शहरात फिरणारी गाडी, घाटात सामान ओढणारी नव्हे. तिथे त्याचा खरा उपयोग आहे. तेव्हा वायरमनला हे विचारा, आणि उत्तर मिळाल्याशिवाय काम देऊ नका. अल्टरनेटर किती अँपिअरचा, आणि रात्री हेडलाइट, वायपर, पंखा एकदम चालू असताना त्याला झेपणार का? पंखा मागून हवा ओढणार की पुढून ढकलणार? जागा असेल तर मागून ओढणारा घ्या, पुढे बसवलेला पंखा समोरच्या वाऱ्याला अडवतो. श्राउड मिळणार का? श्राउड म्हणजे पंख्याभोवतीचं ते प्लास्टिकचं किंवा पत्र्याचं कोंदण. ते नसेल तर पंखा फक्त आपल्या गोलापुरती हवा ओढतो आणि रेडिएटरचे चारही कोपरे तापलेलेच राहतात. रिले हवाच, बॅटरीजवळ फ्यूज हवाच, आणि वीस अँपिअरला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. अर्थिंग बॉडीच्या खरवडलेल्या पत्र्यावर, रंगावर नाही. आणि प्लास्टिकच्या टायने पंखा रेडिएटरच्या जाळीतून आरपार बांधतात, तो प्रकार बघून सरळ गाडी परत घेऊन या. थरथरीने वर्षभरात जाळीला भोक पडतं.

नवी गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काहीच करू नका.

पावसाळ्याचं एक. रस्त्यात गुडघाभर पाणी साचलेलं असेल तर पट्ट्यावरचा पंखा पाण्यात वल्ह्यासारखा फिरतो, पाती पुढे वाकतात आणि रेडिएटर फाडू शकतात. इलेक्ट्रिकची मोटर पाण्यात अडकली की फ्यूज उडवते नाहीतर स्वतः जळते. दोघांनाही पोहता येत नाही. वळून दुसऱ्या रस्त्याने जा.

पायरी ७: रस्त्यात काटा वर गेला तर

एसी बंद. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. मे महिन्यात हे करायला हिंमत लागते, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनची उष्णता तुमच्या अंगावर ओततो. काचा खाली करा.

यापुढे दोन्ही पंख्यांची वाट वेगळी होते. पट्ट्यावरचा पंखा असेल आणि गर्दीत अडकला असाल तर गाडी न्यूट्रलला टाकून ॲक्सिलरेटर थोडा दाबा, १५०० ते २००० आरपीएम. पंखा आणि वॉटर पंप दोन्ही जोर धरतात आणि काटा उतरताना दिसतो. जुने टॅक्सीवाले सिग्नलला गाडी रेझ करत उभे असायचे, त्याला हेही एक कारण होतं. इलेक्ट्रिक पंख्याला ॲक्सिलरेटरशी देणंघेणं नाही. तिथे रेझ केल्याने इंजिन आणखी तापण्याचीच शक्यता जास्त. काटा उतरत नसेल तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

तापमानाबरोबर बॅटरीचा लाल दिवाही लागला असेल तर जागेवर थांबा. बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप आणि अल्टरनेटर एकाच पट्ट्यावर असतात, आणि दोघं एकदम गेले म्हणजे पट्टा तुटलाय. अशा वेळी "पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेऊ" म्हणणाऱ्यांच्या इंजिनांची हेडं (वरची झाकणं) वाकतात. मग हेड फेस करून (घासून सपाट करून) आणायचं, गॅस्केट बदलायचं, आणि तो खर्च दहा पट्ट्यांच्या किमतीहून कितीतरी मोठा असतो.

कॅप उघडायची नाही. पाऊण तास तरी नाही. आत ११० अंशांचं पाणी दाबाखाली शांत बसलेलं असतं, आणि कॅप सैल झाली की दाब जातो, ते क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. वरचा होजपाइप हाताला कोमट लागेल आणि दाबल्यावर मऊ वाटेल, तेव्हाच जाड फडकं टाकून, तोंड बाजूला ठेवून, हळू. पाणी घालायचं तर इंजिन चालू करून, थोडं थोडं. गरम इंजिनावर बाहेरून गार पाणी ओतणाऱ्या मदतनीसाला हात जोडून थांबवा.

डिकीत एवढं ठेवा: दोन लिटर तयार कूलंट, तुमच्या मापाचा एक फॅनबेल्ट, पंख्याच्या आकड्याचे दोन फ्यूज, एक रिले, जाड हातमोजे आणि वहीचं एक पान. मामाच्या सुमोत हे सगळं असतं, वर एक जुना व्हिस्कसही. खंबाटकीतला. तो अजून टाकवत नाही म्हणतो.